तीन सासरची मार्गारेट

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात साधारण १४९० सालचे एक छोटे चित्र आहे. जां हे या चित्रकाराने काढलेले. त्यात दहा वर्षांची एक मुलगी आहे. अंगावर मखमल आणि फर, मागे खिडकी, खिडकीपलीकडे शांत मुलूख. हातात मोत्यांची जपमाळ आहे, पण मुलीचे लक्ष माळेकडे नाही. ती कुठेतरी बाजूला पाहते आहे, ओठ घट्ट मिटून. गळ्यात फ्रान्सच्या राजचिन्हातल्या लिलीच्या आकाराचे पदक लटकते आहे आणि गळपट्टीच्या काठावर ‘सी’ आणि ‘एम’ ही दोन अक्षरे पुन्हा पुन्हा आली आहेत. ‘एम’ म्हणजे मार्गारेट, ती स्वतः. ‘सी’ म्हणजे चार्ल्स, फ्रान्सचा आठवा चार्ल्स. तो तिचा नवरा असल्याचे ती तीन वर्षांची असल्यापासून सगळे तिला सांगत आले होते. हे चित्र काढून झाल्यावर वर्ष-दीड वर्षातच चार्ल्सने दुसरीशी लग्न केले. गळपट्टीवरचे ‘सी’ हे अक्षर रातोरात परक्याचे झाले.

ही मुलगी म्हणजे ऑस्ट्रियाची मार्गारेट. जन्म १४८०, मृत्यू १५३०. पन्नास वर्षांच्या आयुष्यात तिला तीन सासरे मिळाली. फ्रान्सचे सासर तिला परत पाठवणारे निघाले, स्पेनचे सहा महिन्यांत अंधारले आणि सव्हॉयचे तीन वर्षांत. त्यानंतर तिने लग्न केले नाही आणि जवळजवळ एकोणीस वर्षे नेदरलँड्सचा, म्हणजे आजच्या बेल्जियम, हॉलंड आणि उत्तर फ्रान्सच्या काही भागाचा कारभार पाहिला. तिच्याविषयी लिहिताना बहुतेक जण दोनपैकी एक वाट धरतात. काहींना ती राजकारणाच्या पटावरची बिचारी सोंगटी वाटते, तर काहींना दुर्दैवावर मात करून उभी राहिलेली कर्तबगार स्त्री. मला दोन्ही वाटा अपुऱ्या वाटतात, कारण दोन्हींत लग्ने एकीकडे आणि कर्तबगारी दुसरीकडे पडते. माझे म्हणणे असे की मार्गारेटची सत्ता तिच्या मोडलेल्या लग्नांच्याच सामानातून उभी राहिली. त्या लग्नांनी तिला भाषा दिली, नाती दिली, जमीन आणि उत्पन्न दिले. शेवटच्या लग्नाने विधवेचे कायदेशीर स्थान दिले, आणि ते स्थान त्या काळच्या युरोपात कोणत्याही कुमारिकेला किंवा सवाष्णीला नव्हते. यावरून ती व्यवस्था चांगली ठरत नाही. पण मार्गारेट घडली कशी हे समजायचे तर त्या लग्नांचा हिशोब नीट मांडावा लागतो.

हिशोब सुरू होतो एका घोड्यापासून. मार्गारेटची आई, बर्गंडीची मेरी, मार्च १४८२ मध्ये ससाण्याच्या शिकारीला गेली असताना घोड्यावरून पडली आणि त्यातच वारली. ती पंचवीस वर्षांची होती. बर्गंडीचा श्रीमंत वारसा तिच्या नावावर होता. नवरा मॅक्सिमिलियन हॅब्सबर्ग घराण्यातला, म्हणून फ्लँडर्सच्या शहरांच्या लेखी परका. त्या शहरांना फ्रान्सशी लढाई नको होती. मॅक्सिमिलियनला फारसे न विचारता त्यांनी डिसेंबर १४८२ मध्ये आरासचा तह घडवून आणला. तहाची किंमत होती जेमतेम तीन वर्षांची होऊ घातलेली मार्गारेट. ती फ्रान्सच्या युवराजाला द्यायची आणि तिच्याबरोबर हुंडा म्हणून आर्त्वा आणि फ्रांश-कोंते हे दोन मोठे प्रांतही द्यायचे, असे ठरले. फ्रान्सच्या अकराव्या लुईला हे प्रांत हवेच होते. लढून घेण्यापेक्षा सून करून घेणे स्वस्त पडत होते. जून १४८३ मध्ये आंब्वाझला समारंभ झाला. नवरदेव तेरा वर्षांचा व्हायला आला होता. मुलगी वयात येईपर्यंत हे लग्न धर्मशास्त्राप्रमाणे पक्के नव्हते, वाङ्निश्चयापेक्षा फार पुढे गेलेले नव्हते. पण तिला ‘राणी’ म्हणायला त्या दिवसापासूनच सुरुवात झाली. दोन महिन्यांत लुई वारला, चार्ल्स राजा झाला आणि ती खरोखरच फ्रान्सची छोटी राणी म्हणून वाढू लागली.

आंब्वाझच्या वाड्यात तिला जे मिळाले ते पुढे आयुष्यभर पुरले. राजा लहान असल्यामुळे फ्रान्सचा कारभार त्याची थोरली बहीण आन द बोज्यू पाहत होती. तिला राज्यावर बसायचा हक्क नव्हता, कारण फ्रान्समध्ये गादी मुलीकडे जात नसे. पण भावाच्या नावाने तिने अनेक वर्षे राज्य चालवले, बंडखोर सरदारांना वठणीवर आणले. मार्गारेट तिच्या देखरेखीखाली वाढली. तिथेच काही काळ सव्हॉय घराण्यातली लुईझ नावाची आणखी एक मुलगीही वाढत होती, मार्गारेटपेक्षा तीन-साडेतीन वर्षांनी मोठी. हे नाव लक्षात ठेवावे. स्वतःची गादी नसलेली बाई दुसऱ्याच्या नावाने राज्य कसे करते, याचा धडा या दोघी रोज डोळ्यांनी पाहत होत्या. मार्गारेटची फ्रेंच, तिचे संगीत, पुस्तकांची आवड, दरबारात कोणाला किती जवळ करायचे याची समज, हे सगळे सासरचे. ते सासर मोडले तरी हे काही कोणी काढून घेऊ शकले नाही.

आणि ते फार वाईट रीतीने मोडले. ब्रिटनीची डची फ्रान्सच्या पश्चिमेला होती आणि तिची वारस आन नावाची तरुण मुलगी होती. फ्रान्सला शह द्यायला मॅक्सिमिलियनने डिसेंबर १४९० मध्ये आनशी प्रतिनिधीकरवी लग्न लावले. चार्ल्सने ब्रिटनीवर फौज घातली, आनला कोंडीत धरले आणि ६ डिसेंबर १४९१ रोजी लांजे येथे स्वतःच तिच्याशी लग्न केले. म्हणजे जावयाने सासऱ्याची बायको पळवली आणि सासऱ्याच्या मुलीला टाकून दिले, एकाच दिवशी. मार्गारेट तेव्हा अकरा वर्षांची होती. टाकली तरी तिला लगेच परत पाठवले नाही, कारण ती गेली की हुंडाही परत द्यावा लागणार होता. दीड वर्ष ती फ्रान्समध्येच अडकून राहिली, ना राणी ना पाहुणी. त्या काळातले तिचे एक पत्र आहे, आन द बोज्यूला लिहिलेले. जिच्या सोबतीने दिवस जातात त्या आपल्या नात्यातल्या मैत्रिणीला तरी माझ्यापासून काढू नका, अशी विनवणी त्यात आहे. मुलूख, तह, सैन्य यांच्या कागदपत्रांत हे एवढेसे पत्र वाचताना त्या व्यवस्थेची खरी किंमत कळते. शेवटी मे १४९३ मध्ये सॉन्लिसचा तह झाला. मार्गारेट परत आली आणि तिच्याबरोबर आर्त्वा आणि फ्रांश-कोंतेही परत आले.

दुसरे लग्न साटेलोटे होते. आपल्याकडे हा शब्द गरीब घरांच्या सोयीसाठी वापरला जातो, पण १४९५-९६ मध्ये हॅब्सबर्ग आणि स्पेनच्या राजघराण्यांनी केले ते तेच. मार्गारेटचा भाऊ फिलिप याला स्पेनची राजकन्या हुआना, आणि मार्गारेटला हुआनाचा भाऊ, युवराज हुआन. दोन्हीकडून मुलगी द्यायची, दोन्हीकडून घ्यायची. हुंड्याचा हिशोब परस्पर मिटला. १४९७ च्या सुरुवातीला मार्गारेट समुद्रमार्गे निघाली. हिवाळ्यातले वादळ असे आले की जहाज वाचेल याची खात्री नव्हती. तेव्हा तिने स्वतःच्या थडग्यासाठी दोन ओळी रचल्या, दोन नवरे होऊनही कुमारीच मेली अशा अर्थाच्या, अशी कथा तिच्या काळापासून सांगितली जाते. ती कथा खरी असो वा रचलेली, तिच्या समकालीनांनी तिला कसे पाहिले हे त्यातून कळते. एप्रिलमध्ये बुर्गोसला लग्न लागले. ऑक्टोबरच्या ४ तारखेला सालामांकामध्ये हुआन वारला, एकोणीस वर्षांचा. मार्गारेट गरोदर होती. मूल मृत जन्मले.

या एका मृत मुलाने युरोपचा नकाशा बदलला, आणि हे मी अतिशयोक्ती म्हणून लिहीत नाही. ते जगले असते तर स्पेनची गादी त्याची. ते गेल्यावर वारसा हुआनच्या थोरल्या बहिणीकडे गेला. ती १४९८ मध्ये बाळंतपणात वारली, तिचा मुलगा १५०० मध्ये गेला आणि मग पाळी आली हुआनाची. म्हणून हुआना आणि फिलिप यांचा मुलगा चार्ल्स, पुढचा सम्राट पाचवा चार्ल्स, स्पेन, तिच्या अमेरिकेतल्या वसाहती, नेपल्स आणि नेदरलँड्स या सगळ्यांचा मालक झाला. हॅब्सबर्ग घराण्याने तलवारीपेक्षा लग्नांनी जास्त राज्य मिळवले असे नेहमी म्हटले जाते. त्यात आखणीइतकाच मृत्यूंचा वाटा होता. साटेलोटे करताना दोन्ही बाजूंना हवी होती फ्रान्सविरुद्धची दोस्ती. सगळा स्पेन एका बाजूच्या हाती जावा असे स्पेनच्या राजाराणीच्या मनातही नव्हते.

तिसरे लग्न १५०१ च्या डिसेंबरात सव्हॉयचा ड्यूक फिलिबेर याच्याशी झाले. आल्प्सच्या खिंडी सव्हॉयच्या ताब्यात होत्या आणि इटलीत उतरणाऱ्या प्रत्येक सैन्याला तिथूनच जावे लागे. म्हणून हे लग्नही राजकारणाचेच होते. दोघे एकाच वयाचे, एकवीस वर्षांचे. फिलिबेरला शिकार आणि मेजवान्या प्रिय होत्या. कारभार त्याचा अनौरस भाऊ रने पाहत असे. मार्गारेटने थोड्याच दिवसांत रनेची पाळेमुळे उपटली. बापाकडून, मॅक्सिमिलियनकडून, रनेचे औरसपण रद्द करून आणले आणि त्याला दरबारातून घालवले. हे वागणे कोणाला निर्दय वाटेल. पण दोनदा दुसऱ्यांच्या निर्णयांनी उघडी पडलेली ही बाई आता निर्णय आपल्या हाती ठेवायला शिकली होती. नवऱ्यावर तिचा जीव होता याची साक्ष पुढच्या गोष्टी देतात. सप्टेंबर १५०४ मध्ये फिलिबेर शिकारीहून तापून आला, थंडगार पाणी प्याला, आजारी पडला आणि १० तारखेला गेला. मार्गारेट चोवीस वर्षांची होती.

आता हिशोबातल्या महत्त्वाच्या रकमेकडे येऊ. युरोपातल्या राजघराण्यांच्या लग्नात दोन वेगळ्या गोष्टी ठरत. हुंडा मुलीच्या माहेराकडून सासरी जाई. त्याबरोबर सासरकडून, नवरा मेल्यास विधवेच्या निर्वाहासाठी काही मुलूख किंवा त्याचे उत्पन्न हयातभर तिच्या नावाने राखून ठेवायचे, असेही करारात लिहिलेले असे. हे दान नव्हते, हक्क होता. सासरचे तो द्यायला टाळाटाळ करत. मार्गारेटलाही स्पेन आणि सव्हॉय दोन्हीकडून तो मिळवायला भांडावे लागले. सव्हॉयच्या नव्या ड्यूकशी १५०५ मध्ये तडजोड झाली आणि ब्रेससारखा मुलूख तिच्या हाती राहिला. त्याचा कारभार तीच पाहायची, अधिकारी तीच नेमायची, उत्पन्न तिच्याकडे यायचे. बाप किंवा भाऊ यांच्यापैकी कोणाच्या मर्जीवर हे अवलंबून नव्हते. बर्गंडीच्या मुलखांत आणि आसपास विधवेला स्वतःच्या नावाने करार करता येत, खटले लढवता येत, मालमत्ता सांभाळता येत असे. कुमारिकेच्या डोक्यावर बाप असे, विवाहितेच्या डोक्यावर नवरा. विधवेवर दडपण येई, आग्रह होई, पण तिच्या संमतीशिवाय तिचे लग्न लावणे अवघड असे.

या संमतीचा अर्थ १५०६ मध्ये दिसला. वादळामुळे इंग्लंडच्या किनाऱ्याला लागलेल्या फिलिपने तिथला विधुर राजा सातवा हेन्री याच्याशी करार करताना बहिणीचे लग्नही ठरवून टाकले. मार्गारेट बधली नाही. मॅक्सिमिलियनने नंतर पुन्हा पुन्हा समजावले, तरी बधली नाही. १५०९ मध्ये हेन्री वारला आणि विषय संपला. तीन वर्षांची असताना तिला कोणी विचारले नव्हते. सव्वीस वर्षांची असताना तीन राजे मिळूनही तिला हलवू शकले नाहीत. फरक तिच्या स्वभावात पडला असेल, पण त्याहून मोठा फरक तिच्या दर्जात पडला होता.

सप्टेंबर १५०६ मध्ये फिलिप स्पेनमध्ये अचानक वारला. मागे सहा वर्षांचा चार्ल्स, त्याच्या बहिणी, आणि कोणी कारभारी नसलेले नेदरलँड्स. हुआना स्पेनमध्ये होती. मॅक्सिमिलियन जर्मनीत गुंतलेला, आणि फ्लँडर्सला तो कधी आवडलाही नव्हता. १५०७ मध्ये मार्गारेट कारभारी म्हणून आली आणि मेखेलेन शहरात तिने दरबार थाटला. तिथल्या प्रतिनिधींना तिच्यात काय दिसले असेल? त्यांच्या लाडक्या मेरीची मुलगी, ब्रसेल्समध्ये जन्मलेली, फ्रेंच बोलणारी. नवरा नाही, म्हणजे परका राजा मागून येण्याची भीती नाही. मूल नाही, म्हणजे भाच्याच्या वारशावर डोळा असण्याचे कारण नाही. प्रत्येक ‘नाही’ ही तिच्या आयुष्यातली जखम होती आणि प्रत्येक ‘नाही’ हीच तिची पात्रता ठरली. १५०९ मध्ये बापाने स्वतःच्या आणि भाच्याच्या नावाने तिला फ्रांश-कोंते हयातभर बहाल केला. दोन वर्षांची असताना जो प्रांत तिच्याबरोबर हुंड्यात दिला गेला होता, त्याच प्रांताची ती एकोणतिसाव्या वर्षी काउंटेस झाली.

इथे एक हरकत घेता येते आणि ती वजनदार आहे. हे सगळे हॅब्सबर्ग घराण्याच्या गरजेतून झाले, तिच्या जागी नात्यातले दुसरे कोणी असते तरी चालले असते, असे कोणी म्हणेल. याचे उत्तर १५१५ नंतरच्या चार वर्षांत आहे. त्या वर्षी जानेवारीत नेदरलँड्सच्या सरदारांनी मॅक्सिमिलियनला मोठी रक्कम देऊन पंधराव्या वर्षाच्या चार्ल्सला सज्ञान ठरवून घेतले आणि मार्गारेटला बाजूला सारले. तिला आधी नीट कळवलेही नाही. तिने आकांडतांडव केले नाही. तिने एक लेखी निवेदन तयार केले. आपण काय केले, कोणत्या सल्ल्याने केले, खर्च कुठे झाला, स्वतःच्या पदरचे किती घातले, याचा त्यात हिशोब दिला आणि ते चार्ल्ससमोर वाचले गेले. पुढे चार्ल्स स्पेनला गेला, तिथे नाराजी वाढली, १५१९ च्या जानेवारीत सम्राट झालेला मॅक्सिमिलियन वारला आणि सम्राटपदाची निवडणूक आली. पैसा उभा करणे, जर्मन राजांशी बोलणी करणे, फ्रान्सच्या उमेदवारीला अडवणे, यात चार्ल्सला मार्गारेट लागली. जून १५१९ मध्ये तो निवडून आला आणि नेदरलँड्सचा कारभार पुन्हा तिच्याकडे आला. तो तिच्या मरणापर्यंत राहिला. नाते तर १५१५ मध्येही होते. परत बोलावले गेले ते कामामुळे.

दुसरी हरकत मला अधिक टोचते, आणि तिचे नाव हुआना. त्याच साट्यालोट्यातली दुसरी वधू. तीही विधवा झाली, तीही राजकन्या, शिवाय मार्गारेटहून कितीतरी मोठ्या राज्याची खरी वारस. तरी १५०९ पासून १५५५ मध्ये मरेपर्यंत ती तोर्देसियासच्या वाड्यात कोंडलेली राहिली, आधी बापाच्या आणि मग मुलाच्या हुकमाने. वेडी म्हणून. मग वैधव्याने स्वातंत्र्य दिले असे कसे म्हणायचे? मला वाटते, या दोघींची तुलना माझे म्हणणे खोडत नाही, पण त्याला मर्यादा घालते. हुआनाकडे स्वतःचा हक्क होता. ती मोकळी राहिली असती तर बापाला आणि मुलाला तिच्या नावानेच आणि तिच्या मर्जीनेच राज्य करावे लागले असते. मार्गारेटकडे गादीवरचा हक्क नव्हता, म्हणून तिच्या हाती सत्ता देणे पुरुषांना सुरक्षित वाटले. म्हणजे विधवेला मिळणारे स्थान हे दार होते खरे, पण ते कोणासाठी उघडायचे हे घराणे ठरवत होते. मार्गारेटची सत्ता उसनी होती, आणि १५१५ मध्ये ती किती सहज काढून घेता येते हे तिने अनुभवले होते.

उसन्या सत्तेने काय करता येते याचा सर्वोत्तम नमुना म्हणजे १५२९ चा कांब्रेचा तह. फ्रान्सचा पहिला फ्रान्सिस १५२५ मध्ये पाव्हियाच्या लढाईत चार्ल्सच्या हाती सापडला होता. सुटताना त्याने आपली दोन मुले ओलीस ठेवली आणि दिलेला शब्द मोडला. दोन्ही राजांनी एकमेकांना जाहीरपणे इतके बोल लावले होते की समोरासमोर बसणे शक्यच नव्हते. राजे बोलू शकत नव्हते, तेव्हा बोलल्या दोन बायका. चार्ल्सकडून त्याची आत्या मार्गारेट आणि फ्रान्सिसकडून त्याची आई लुईझ, आंब्वाझच्या दिवसांपासूनची लुईझ. ती फिलिबेरची सख्खी बहीण. म्हणजे हा तह नणंद-भावजयीचा होता. जुलै १५२९ मध्ये दोघी कांब्रेत शेजारशेजारच्या इमारतींत उतरल्या. मध्ये झाकलेला रस्ता करून घेतला, म्हणजे कोणाच्या नजरेस न पडता केव्हाही एकमेकींकडे जाता यावे. महिनाभर बोलणी चालली, दोनदा तीनदा फिसकटण्याच्या बेतात आली. ऑगस्टच्या सुरुवातीला तह झाला. फ्रान्सिसने इटलीवरचा दावा सोडला, आर्त्वा आणि फ्लँडर्सवरचे वरिष्ठपण सोडले, मुलांच्या सुटकेसाठी वीस लाख एक्यू द्यायचे कबूल केले. चार्ल्सने बर्गंडीची डची परत मागण्याचा आग्रह सोडला. राजाने एवढे सोडले तर ती नामुष्की ठरली असती. बायकांनी घरगुती जिव्हाळ्यापोटी केले असे दोन्हीकडे सांगता आले. या तहाला आजही ‘स्त्रियांचा तह’ म्हणतात. फ्रान्स आणि सव्हॉयची दोन मोडलेली सासरे या झाकलेल्या रस्त्यावर कामी आली.

त्याच तहात एक कलम असेही होते की फ्रान्सिसने चार्ल्सची बहीण एलेनोर हिच्याशी लग्न करावे. इथे मार्गारेटवरचा सर्वात कठीण आरोप उभा राहतो. स्वतः जे भोगले तेच तिने भाच्यांच्या वाट्याला येऊ दिले. मेखेलेनमध्ये तिने वाढवलेल्या मुलींपैकी इसाबेलाचे प्रतिनिधीकरवी लग्न १५१४ मध्ये डेन्मार्कच्या दुसऱ्या ख्रिस्तियानशी लागले, तेव्हा ती तेरा वर्षांचीही नव्हती. ती तिथे अपमानात जगली आणि चोविसाव्या वर्षी परागंदा असताना गेली. मेरीला आठव्या वर्षी व्हिएन्नाला पाठवले, हंगेरीच्या राजपुत्रासाठी. एलेनोरला १५१८ मध्ये पोर्तुगालच्या मानुएलला दिले. तो नवऱ्या मुलीच्या दोन मावश्यांचा विधुर होता. हे सगळे निर्णय मार्गारेटचे एकटीचे नव्हते. मॅक्सिमिलियन आणि चार्ल्स यांचे त्यात मुख्य स्थान होते. पण तिने त्यांना अडवल्याचे दिसत नाही. घराणे हेच तिच्या सत्तेचे उगमस्थान होते आणि घराणे लग्नांवर चालत होते. त्या फांदीवर बसून ती फांदी तोडणे तिला जमले नाही, की सुचलेच नाही, हे सांगणे अवघड आहे. तिच्या कारभाराचीही एक काळी बाजू आहे. १ जुलै १५२३ रोजी ब्रसेल्सच्या चौकात ल्यूथरच्या मताचे दोन तरुण साधू जिवंत जाळले गेले, ते तिच्याच कारकिर्दीत. तिला संत करण्यात अर्थ नाही.

मेखेलेनच्या वाड्यात तिने जे जमवले ते मात्र डोळे दिपवणारे होते. चारशेच्या आसपास पुस्तके, त्यांत कितीतरी हस्तलिखिते; यान व्हान आइकने काढलेले आर्नोल्फिनी दांपत्याचे चित्र, जे आज लंडनला आहे; कोर्तेसने मेक्सिकोतून पाठवलेल्या पिसांच्या वस्तू. १५२१ मध्ये आल्ब्रेख्ट ड्यूरर तिला भेटायला आला आणि त्याने काढलेले मॅक्सिमिलियनचे चित्र भेट द्यायला काढले. तिला ते इतके नापसंत पडले की त्याला ते परत न्यावे लागले, हे त्यानेच आपल्या डायरीत नोंदवले आहे. तिची स्वतःची चित्रे बर्नार्ड व्हान ऑर्लेने काढली. त्यांच्या प्रती दरबारांना आणि सरदारांना वाटल्या जात. त्या सगळ्यांत ती विधवेच्या वेशात आहे: पांढरी टोपी, पांढरे वस्त्र गळ्याभोवती, काळा झगा, दागिना नाही. चोविसाव्या वर्षी घातलेला वेश तिने मरेपर्यंत उतरवला नाही. शोकाचा तो वेश होता, आणि तिच्या हक्काचा गणवेशही.

आणि ब्रू. फ्रान्समधल्या बूर्ग-आं-ब्रेस गावाजवळ, तिच्या विधवेच्या मुलखात, तिने १५०६ पासून एक मठ आणि चर्च बांधायला घेतले. फिलिबेरच्या आईचा तसा नवस होता आणि तो अपुरा राहिला होता. सासूचा नवस सुनेने फेडला. आत तीन थडगी आहेत: फिलिबेरचे मध्ये, एका बाजूला त्याच्या आईचे, दुसऱ्या बाजूला मार्गारेटचे. फिलिबेरची संगमरवरी मूर्ती बायकोकडे मान वळवून आणि हात आईकडे करून पडलेली आहे. मार्गारेटच्या थडग्यावर दोन मूर्ती आहेत. वर राजवस्त्रांतली, वय झालेली. खाली केस मोकळे सोडलेली, अनवाणी, तरुण. तिच्या थडग्यावर तिचे बोधवाक्य कोरलेले आहे: ‘फोर्त्यून एंफोर्त्यून फोर त्यून’. ते एका बाईला नशीब फार छळते असे वाचता येते आणि सुदैव-दुर्दैव माणसाला बळकट करते असेही. आणि चर्चभर, भिंतींवर, काचांवर, लाकडात, फिलिबेरचा ‘पी’ आणि मार्गारेटचा ‘एम’ ही अक्षरे प्रेमगाठीने बांधलेली आहेत. लहानपणी गळपट्टीवर अक्षरे इतरांनी घातली होती. ही तिने स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या मुलखात, कारागिरांना सांगून कोरून घेतली. १५३० मध्ये पायाच्या दुखण्याने ती गेली तेव्हा चर्च पुरे झालेले नव्हते. मरणाच्या आदल्या दिवशी तिने चार्ल्सला पत्र लिहवले: तुझे देश मी सांभाळले, वाढवून परत देते आहे, आणि फ्रान्स व इंग्लंडच्या राजांशी शांतता ठेव.

तिच्यानंतर नेदरलँड्सचा कारभार चार्ल्सने दुसऱ्या विधवेकडे दिला. हंगेरीची राणी मेरी, जिला आठव्या वर्षी मेखेलेनहून पाठवले होते आणि जिचा नवरा १५२६ मध्ये तुर्कांविरुद्धच्या मोहाचच्या लढाईत गेला होता. १५३३ मध्ये चार्ल्सने डेन्मार्कच्या इसाबेलाची मुलगी ख्रिस्तिना हिचे लग्न मिलानच्या ड्यूकशी ठरवले. ख्रिस्तिना अकरा वर्षांची होती, तीही मार्गारेटच्या घरात वाढलेली. मेरीने भावाला विरोधाचे पत्र लिहिले. ती अजून मूल आहे, हे निसर्गाविरुद्ध आहे, यात तिचा जीव जाऊ शकतो, असे स्पष्ट लिहिले. तीन-चार पिढ्यांच्या लग्नांत कारभाऱ्याच्या खुर्चीतून आलेला असा विरोध मला याआधी दिसत नाही. लग्न झालेच. तेराव्या वर्षी ख्रिस्तिना विधवा झाली. १५३८ मध्ये इंग्लंडच्या आठव्या हेन्रीला तिच्याशी लग्न करायचे होते, म्हणून त्याने हान्स होल्बाइनला ब्रसेल्सला धाडले. तीन तास ती त्याच्यासमोर उभी राहिली. ते चित्र आज लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे: सोळा वर्षांची मुलगी, पायघोळ काळा वेश, गळ्यात एकही दागिना नाही, हात समोर जोडलेले, बोटात एक अंगठी. गळपट्टीवर कोणाचेही अक्षर नाही. हेन्रीशी तिचे लग्न झाले नाही.